पायांवर बाळ, डोळ्यांवर झोप

आमच्या आळीत लेकरू जन्मलं की त्याला न्हाऊ घालायला मला बोलावणं यायचं. वीसेक वर्षं तरी हे चाललं असेल. सासूचं बघून शिकले होते. मोरीत पाटावर बसायचं, पाय समोर लांब करायचे, दोन नडग्यांच्या मधे लेकराला पालथं घालायचं, डाव्या हातानं मान सावरायची आणि उजव्या हातानं तांब्यातलं कोमट पाणी सोडायचं. माझे पाय चांगले भरलेले. रडणारं लेकरूसुद्धा त्यांवर निवांत पडायचं. एरवी माझ्या जाडीचं कुणी कौतुक केल्याचं मला आठवत नाही, पण मोरीत बसले की बायका म्हणायच्या, मावशीच्या पायावर लेकराला हाडं टोचत नाहीत.

मी अंबाजोगाईत मेस चालवते. मेडिकलची पोरं-पोरी दोन्ही वेळ माझ्याकडं जेवतात. मालक, म्हणजे माझा नवरा, बियाण्यांच्या दुकानात कामाला आहेत. एकुलती एक लेक, तिला तलवाड्याला दिलेली. तिचं घर शेतीवाल्यांचं, माणसं बरी.

त्या दिवशी शेजारणीच्या नातवाला पायांवर घेतलं होतं. वीस दिवसांचं लेकरू. सकाळी नऊची वेळ. पाठीवर पाणी सोडत होते, हळदीचा वास येत होता, आणि मला झोप लागली. लागली हे मला कळलं नाही. तांब्या फरशीवर आपटला तेव्हा डोळे उघडले आणि पाय रिकामे दिसले. लेकराच्या आईनं त्याला उचलून छातीशी धरलं होतं. ती ओली बाळंतीण भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं. लेकराला काही झालं नव्हतं. पण ते माझ्या नडगीवरून घसरून त्याचं तोंड खालच्या पाण्याकडं गेलं होतं.

"मावशी, तुमी झोपल्या," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळून, झाकून, हात धुऊन बसले. बोलावणं आलं नाही. भिंतीपलीकडून पाण्याचा आवाज आला, लेकरू रडलं, दुसरीच कुणी बाई त्याला उगी उगी करत होती. मी कणकेवरचं फडकं काढलं आणि पोळ्या लाटायला घेतल्या. त्या दिवशी पोळ्या वातड झाल्या, पण मुकाट्यानं खाल्ल्या सगळ्यांनी.

आमच्या बीड जिल्ह्यात बातमीला गाडी लागत नाही. चार दिवसांत ती तलवाड्याला पोचली. आणि माझ्या लेकीला नेमका तेव्हाच तिसरा महिना लागलेला. विहिणीचा फोन आला.

"तब्येत बरी न्हाई म्हनं तुमची. पोरीचं बाळंतपण आमी इथंच करतो की. तुमाला कशाला तरास?"

"पहिलं बाळंतपण माहेरीच होत असतंय," मी म्हणाले.

"रीत मला बी ठाव हाय, विहीणबाई. पर रीत मोठी का लेकरू मोठं?"

तिनं टोमणा मारला असता तर मीही दोन शब्द सुनावले असते, तोंडाला मी कधीच कमी नव्हते. पण ती खरं बोलत होती, तीच तर पंचाईत. रात्री लेकीचा फोन आला. "आई, मला तुझ्याकडंच यायचंय. तू कायतरी कर." हातात सहा महिने होते.

आता कायतरी म्हणजे काय? आमच्याकडं माणूस थकलं की त्याला एकच नाव, अशक्तपणा. आणि अशक्तपणाला दोनच उपाय, सलाईन आणि डिंकाचे लाडू. बाई शंभर किलोच्या जवळ पोचलेली, जिना चढताना दोनदा थांबते, तरी तिला कुणी जाड म्हणून औषध देत नाही. अशक्त म्हणून खाऊ घालतात. धारूरहून बहिणीनं डबाभर लाडू पाठवले, खारीक-खोबरं, तूप हात आखडता न घेता. शेजारणीनं खजूर दुधात उकळून प्यायला सांगितला. मी सगळं खाल्लं. मनापासून खाल्लं, कारण औषध म्हणून गोड खायची परवानगी आयुष्यात कितीदा मिळते?

आणि सलाईन. बाजारातल्या एका खाजगी डॉक्टरकडं जाऊन दोन बाटल्या लावून घेतल्या. बाटली अर्धी व्हायच्या आत मी घोरायला लागले. कंपाउंडर मालकांना म्हणाला, "बघा, सलाईन कशी लागू पडली. मावशीला लई दिवसांनी झोप लागली." मालकांनाही ते पटलं. मी उठले तेव्हा डोकं ठणकत होतं आणि जीभ कोरडी पडली होती. पण लागू पडली म्हणतात तर पडली असेल, असं म्हणून घरी आले आणि आल्यावर परत झोपले.

माझ्या धाकट्या जावेनं मात्र स्पष्ट सांगितलं. "अशक्तपणा न्हाई काय न्हाई. खाती आन झोपती. चालायला जा म्हनावं जरा." राग आला, पण मी गेले. खरं सांगायचं तर आळशी आहे हे मी मनातून कधीच कबूल करून टाकलं होतं. आठ तास झोपून जिला उठवत नाही, ती आळशी नाही तर कोण? मी पहाटे उठून गावाबाहेरच्या चढाच्या रस्त्याला लागले. विजेचा तिसरा खांब आला आणि धाप लागली. पुलाच्या कठड्यावर टेकले. जाग आली तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं आणि आजूबाजूला मेंढरं. मेंढरामागची बाई काठीला टेकून माझ्याकडं बघत होती.

"कावून बसलाव इथं? घरी भांडण झालंय का?"

"न्हाई ओ. चालायला आले होते."

"मग चाला की," ती म्हणाली आणि मेंढरं घेऊन चढ चढून गेली. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठी असेल. मी मात्र रिक्षा करून घरी आले. त्यानंतर चालायचं नाव काढलं नाही. रात्री देवासमोर बसून रडले. लेकीला न्हाऊ-माखू घालायचं, नातवंड पायांवर घ्यायचं, ह्यापलीकडं मी काही मागत नव्हते, आणि तेवढंही माझ्या अंगात नव्हतं.

माझ्या मेसला एक डॉक्टरीण जेवायची. मेडिकलला पुढचं शिकत होती, विदर्भाकडची, बोलायला फटकळ. ड्यूटी संपवून ती सगळ्यांच्या मागून यायची. एका दुपारी तिचं ताट वाढून मी गरम पोळी घेऊन समोर बसले. डोळे उघडले तर ती जेवायचं थांबवून मनगटावरच्या घड्याळाकडं बघत होती. माझ्या हातात पोळी तशीच.

"मावशी, तुम्ही दिवसातून किती वेळा अशा झोपता?"

"उन्हाचं जरा लागलं," मी म्हणाले.

"लागू द्या. पण झोपेत तुमचा श्वास थांबत होता. मी मोजलं." मग तिनं विचारलं, "शिलाईची टेप आहे का घरात?"

टेप दिली. तिनं ती माझ्या गळ्याभोवती गुंडाळली. मला वाटलं, हिला ब्लाउजचा गळा आवडला असेल. तिनं माप बघून मान हलवली आणि विचारलं, रात्री घोरता का, मधेच गुदमरून उठता का, सकाळी डोकं दुखतं का. डोकं रोज दुखतं म्हणाले. बाकीचं मला काय माहीत, मी तर झोपलेली असते. मालकांना विचारा.

मालक संध्याकाळी दुकानातून आले तेव्हा डॉक्टरीण रात्रीच्या जेवणाला आलेली होती. तिनं विचारल्यावर ते आधी माझ्याकडं बघत राहिले. चारचौघांत बायकोचं घोरणं सांगावं की नाही ह्या पेचात असावेत. मग म्हणाले, "घोरती. पर मधीमधी एकदम गप होती. लई येळ गप ऱ्हाती. मग एकदम फुर्र करून परत सुरू."

"गप झाल्यावर तुम्ही काय करता, काका?"

"त्या टायमाला मी झोपून घेतो," मालक म्हणाले.

डॉक्टरिणीनं सावकाश सांगितलं, काका, त्या गप होतात तेव्हा त्यांचा श्वास बंद असतो. मालक खाली बसले. इतकी वर्षं ज्या शांततेची वाट बघत ते झोपायचे, ती शांतता काय होती हे त्यांना त्या दिवशी कळलं. मला हसू येत होतं आणि त्यांच्याकडं बघून येईना.

मोठ्या दवाखान्यातून एका रात्रीपुरतं एक यंत्र घरी दिलं. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाखाली बारीक नळी. रिपोर्ट आला. ताशी किती वेळा श्वास थांबतो तो आकडा डॉक्टरिणीनं सांगितला आणि मी तो मुद्दाम विसरले. आजाराचं नाव स्लीप ॲप्निया. झोपेत घशातली वाट मिटते, पाण्याच्या नळीवर कुणी पाय द्यावा तशी, आणि दर वेळी शरीर धडपडून जागं होतं. आपल्याला ते आठवत नाही. म्हणजे आठ तास अंथरुणात पडलेली मी रात्रभर झोपतच नव्हते. गळ्याभोवतीच्या चरबीनं वाट मिटते, झोप नाही म्हणून दिवसा चालवत नाही, चालत नाही म्हणून वजन वाढतं, आणि वजन वाढलं की वाट आणखी मिटते.

"मग मी आळशी न्हाई?" मी विचारलं.

"मावशी, एवढ्या झोपेवर तुम्ही रोज शंभर पोळ्या लाटता. मला नसत्या जमल्या."

मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून पदर तोंडाला लावून रडले. आजार निघाला म्हणून आनंदानं रडणारी बाई तिथल्या शिपायानं पहिल्यांदाच बघितली असेल. त्यानं पाणी आणून दिलं आणि विचारलं, "कोन गेलं, मावशी?" कुणी नाही म्हणाले. खरं तर माझ्या अंगावर वर्षानुवर्षं बसलेली एक शिवी गेली होती.

त्याच दिवशी दम किती टिकतो ते बघायला मला सहा मिनिटं चालायला लावलं. व्हरांड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटाला चिमटा लावून, घड्याळ लावून. मी दोनदा भिंत धरली. ते कागदावर लिहून ठेवलं त्यांनी.

मग घरी मशीन आलं, भाड्यानं. उशाशी ठेवायचा डबा, त्याला जाड नळी, नळीला नाकावरचा मुखवटा. मशीन हवा फुंकतं आणि घशातली वाट उघडी राहते. पहिल्या रात्री आरशात बघितलं तर गणपतीची सोंड बरी. त्यात आमच्याकडची वीज. नेमकी झोप लागायला आली की जायची, मशीन बंद, आणि मी मुखवटा काढून फेकायची. पहिला आठवडा मी दोन-दोन तासांत तो उतरवत होते आणि डॉक्टरिणीला सांगत होते, रात्रभर लावते. आठवड्यानं तिनं मशीनमधून नखाएवढं कार्ड काढलं, कॉम्प्युटरला लावलं आणि माझ्यापुढं पडदा फिरवला. कोणत्या रात्री किती वेळ लावलं, सगळं तिथं लिहिलेलं. जावेपेक्षा चहाडखोर निघालं ते मशीन.

"लेकीला कितवा महिना?" तिनं विचारलं.

"पाचवा."

"मग तुमचं तुम्ही ठरवा."

मी ठरवलं. मेसच्या फ्रीजचा इन्व्हर्टर मालकांनी रात्रीपुरता मशीनला जोडून दिला. मुखवटा एक माप लहान बदलून घेतला. आणि मालक जागे राहायला लागले. आता मी घोरत नव्हते, मधे गप होत नव्हते, तर त्यांना झोप येईना. सारखा नाकासमोर हात धरून बघायचे. "तुमी झोपा की," मी मुखवट्यातून ओरडायची. महिन्याभरानं झोपायला लागले. नंतर कळलं, तेही हळूहळू घोरतात. आता माझी झोप सावध झाली म्हणून मला ऐकू यायला लागलं, एवढंच.

ती सकाळ मला नीट आठवते. कुणी हाक न मारता मी उठले. डोकं दुखत नव्हतं. डोकं न दुखणं म्हणजे काय असतं हे मी विसरूनच गेले होते, म्हणून थोडा वेळ काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. चुलत्याच्या लग्नातलं एक गाणं आठवून गुणगुणले सुद्धा. दुपारी सगळ्यांची जेवणं झाल्यावर मी भिंतीला टेकून बसले आणि डोळे मिटले नाहीत. रस्त्यावरची माणसं बघत बसले. किती वर्षांनी दुपार बघितली मी.

मग परत त्या चढाला लागले. तिसऱ्या खांबापाशी थांबले, बसले नाही. पंधरा दिवसांनी पाचवा, मग नववा. बहिणीनं परत पाठवलेला लाडूंचा डबा जावेच्या पोरांना देऊन टाकला. वजन काही भसाभसा उतरलं नाही, हट्टी आहे ते माझ्यासारखंच. पाच-सहा किलो गेलं असेल. डॉक्टरीण म्हणाली, काट्याकडं बघू नका, पायांकडं बघा. दुसऱ्यांदा सहा मिनिटं चालवलं तेव्हा मी भिंत धरली नाही. उलट घड्याळ धरणारा पोरगाच म्हणाला, "मावशी, हळू."

चालणं जमलं, पण माझं खरं काम बसून करायचं होतं. रोज सकाळी मोरीत पाटावर बसून पाय लांब करायचे आणि नडग्यांवर तीन किलो कणीक फडक्यात बांधून ठेवायची. तिला पालथी घालायची, उताणी करायची, मान धरायची. शेवटी पाटावरून भिंतीला हात न लावता उठायचं. पहिले काही दिवस मालक बाहेरून विचारायचे, "कुनाशी बोलायलीस?" कणकेशी बोलायले म्हणायची. एक दिवस मी डॉक्टरिणीला विचारूनच टाकलं, मी लेकरू पायांवर घेऊ का. ती लगेच हो म्हणाली नाही. तिनं महिन्याचे सगळे आकडे बघितले, दिवसा एकदाही डुलकी लागली का ते मालकांना वेगळं विचारलं, आणि मग म्हणाली, घ्या. पण शेजारी एक मोठं माणूस बसवा. ते तर सगळ्यांनीच करावं.

सातव्या महिन्यात मी स्वतः तलवाड्याला गेले. विहिणीला काही पटवायला गेले नाही, ओटी भरायला गेले. बसथांब्यापासून त्यांचं घर बरंच लांब. मी चालत गेले, दारात उभी राहिले आणि धाप लागली नव्हती. विहिणीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पोरीला घेऊन जा," ती शेवटी म्हणाली. "पर बाळंत झाली की मी बी येनार. पयलं न्हाण मी डोळ्यानं बघनार."

"या की. घर तुमचंच हाय," मी म्हणाले. आतून चिडले होते. मग गाडीत बसल्यावर वाटलं, तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, कदाचित जास्तच.

लेकीला मुलगी झाली. लेकीला कळा लागल्या तेव्हाच विहीण निघून आली, आणि दवाखान्यातल्या तिन्ही रात्री तीच उशाशी बसली, मला हटवून. "तुमी घरी जाऊन मशीन लावून झोपा, तुमाला पुढं काम हाय," म्हणाली. हे ती काळजीनं म्हणाली की संशयानं, ते मी विचारलं नाही. मी घरी जाऊन झोपले.

घरी आणल्यावर पहिलं न्हाण. मी पाणी काढलं, कोपरानं गरमी बघितली. विहिणीला धुरी हवी होती, ओवा-लसणाची. डॉक्टरनं नको म्हटलंय म्हणून मी ठेवली नाही, त्यावरून आमची थोडी वाजलीच. मग ती मोरीच्या उंबऱ्यावर बसली, डोळे माझ्यावर लावून. लेक तिच्या शेजारी, हातात टॉवेल घेऊन. मी पाटावर बसले, पाय लांब केले आणि नात माझ्या नडग्यांवर ठेवली. कणकेपेक्षा ती हलकी होती. डाव्या हातानं तिची मान सावरली.

पोरीनं एकदा रडून बघितलं आणि मग गप पडून राहिली. मी पाठीवर पाणी सोडलं, काखा धुतल्या, मानेच्या वळ्या धुतल्या, टाळूवर तेल जिरवलं. मला प्रत्येक गोष्ट दिसत होती. तिच्या कानामागची लव दिसत होती, बोटांची नखं दिसत होती. एक क्षणही कुठं गळाला नाही.

"आई," लेक हळूच म्हणाली आणि तिनं डोळ्यांनी खूण केली.

मी वर बघितलं. तीन रात्रींचं जागरण झालेली विहीण चौकटीला डोकं टेकून झोपली होती, तोंड थोडं उघडं. लेक तिला हलवायला गेली तशी मी नको म्हणून मान हलवली. दोघींनी कान देऊन ऐकलं. तिचा श्वास येत होता, जात होता, कुठं अडत नव्हता.

"झोपू दे त्यांना," मी म्हणाले आणि नातीला उताणी केली.